डोळे आखायचा ब्रश

चिरंजीव मितेश,

मी सांगते हाय, शेजारची ऋतुजा लिहिते हाय. तुझे बाबा गेले आणि गणपतीच्या कारखान्यातलं सामान विकायला तू ती रोह्याची कंपनी धाडलीस. त्यांनी साच्यांवर, पाटांवर, रंगाच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मी खुर्चीतून उठले नसते तर मलाही चिकटवली असती!

वर माझा बारीक ब्रश नेला. फोन केला तर तिथली पोरगी म्हणते, "आजी, यादीत लिहिलंय, कैलासवासी गुणाजींचा डोळे आखायचा ब्रश. गिऱ्हाईकपण मिळालंय."

अगो, कैलासवाशानं तो कधी हातात तरी धरला होता काय? असं ओठावर आलं होतं, पण फोनच ठेवून दिला.

सगळं जोहे गाव म्हणतं, डोळे आखावेत ते ह्यांनीच. ह्यांचा हात कापायचा रे. चाळीस वर्षं दार लावून डोळे मीच आखले. मी अंगठा उठवणारी बाई, पण एकाही देवानं कधी तिरकं बघितलं नाय.

थांब गो ऋतुजा, हे धाडू नको. म्हाताऱ्याचं नाव राहू दे. दुसऱ्या कागदावर एवढंच लिही, "तो ब्रश आयच्या काजळाचा हाय, आधी परत आण."

तुझी आय,
ठमाबाईचा अंगठा