पंड्याच्या वहीतलं नाव

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुमच्या तोंडावर जे बोलायला हवं होतं ते मी आता कागदावर उतरवायला बसलेय, आणि माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा लगेच लाल पेन उचलू नका. मी काही गुरुपौर्णिमेची आठवण लिहीत नाहीये. मला तुमचा राग आहे, आणि तुमच्यापेक्षा तिचा जास्त. पन्नाशी उलटली, माझी मुलगी नोकरीला लागली, तरी तिचं नाव कुणी काढलं की माझ्या पोटात अजून दुखतं.

आठवीपर्यंत मी तुमची होते. तुम्ही म्हणाल, शिक्षकाला सगळी मुलं सारखी. असं सगळे शिक्षक म्हणतात. वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये न्यायचा मान माझा होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मोहन्याला घरी जाणारी बस सोडून तुमच्याबरोबर चालत तुमच्या घरी यायचे. तुम्ही एकट्या, लग्न केलेलं नाही, मागेपुढे कुणी नाही. दोघींपुरते पोहे टाकायचात आणि मी ओट्याला टेकून बडबडत असायचे. आमच्या घरी वडिलांची कारखान्यातली पाळी, धाकटे दोघे भाऊ, आईला मान वर करायला फुरसत नाही. तुमच्या त्या स्वयंपाकघरात माझं बोलणं कुणी तरी शेवटपर्यंत ऐकून घेतंय, हे मला पहिल्यांदा कळलं. आणि नववीत ती आली. दिल्लीहून, वडिलांबरोबर, कल्याणच्या काकांकडे. दोन घट्ट वेण्या, हातात कडं. तिच्या आईबद्दल विचारायचं नाही, असं तुम्ही वर्गाला आदल्या दिवशीच बजावलं होतं. दिवाळीपर्यंत तिला मराठी यायला लागलं, संक्रांतीपर्यंत ती माझ्याहून चांगले निबंध लिहायला लागली, आणि शनिवारी ओट्याला आम्ही दोघी टेकायला लागलो. ती वाईट असती तर फार सोयीचं झालं असतं. ती स्वतःच्या डब्यातला पराठा आधी मला द्यायची, आणि मी तो खायचेही.

सत्त्याऐंशीच्या सुट्टीत तुम्ही बद्रीला निघालात. तुमच्या आजोबांनंतर घरातलं कुणी गेलं नव्हतं. तिथून जवळच शिखांचं हेमकुंड, तेव्हा तिच्या वडिलांनी तुम्हाला विनंती केली की पोरीला माथा टेकवून आणा. आणि मी रडून, जेवण टाकून, आईला भंडावून बरोबर आले. तुम्ही मला बोलावलं नव्हतं, हे मला पक्कं आठवतंय. आपण जोशीमठला गेट सुटायची वाट बघत बसमध्ये बसलो आहोत. एका बाजूच्या गाड्या खाली आल्याशिवाय आपल्या बाजूच्या वर सोडत नाहीत, आणि सगळी बस खाली उतरून चहा पितेय. तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून ती झोपलीय. मी पलीकडे बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतेय. पुढे काय होणार हे मला तिथेच कळायला हवं होतं.

बद्रीला दर्शन झालं आणि तुम्ही यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पंड्याचं घर शोधून काढलंत. गाव, आडनाव सांगितल्यावर त्याने फडक्यात बांधलेल्या लांबोळक्या वह्यांमधून एक ओढली, आणि दहा मिनिटांत तुमच्या आजोबांची मोडीतली सही तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही ती बोटाने वाचलीत. शाळेत कधी डोळ्यांत पाणी न आणणाऱ्या तुम्ही, तिथे पदराने डोळे टिपलेत. पंड्याला आपल्याकडचं मराठी येत होतं. त्याने विचारलं, तुमच्यानंतर कोण? वंशात कुणाचं नाव घालायचं? तुम्ही त्याच्याकडून टाक घेतलात आणि स्वतःच्या हाताने लिहिलंत. कन्या, आणि पुढे तिचं नाव. 'कौर'सकट. पंड्याने एकदा तिच्या कड्याकडे पाहिलं. मी तुमच्या उजव्या हाताला बसले होते, वीतभर अंतरावर. तुम्ही टाक खाली ठेवलात तेव्हा मला वाटलं, शाई संपली असेल, आता परत बुडवतील. तुम्ही वही मिटलीत.

गोविंदघाटापर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्ही विचारलंही नाही. घांघरियाच्या गुरुद्वारात कांबळ्यांच्या ढिगातून तिने माझ्यासाठी त्यातल्या त्यात जाड कांबळं ओढून आणलं, ते मी बाजूला सारलं आणि कुडकुडत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी हेमकुंडाची चढण. बाजूला बर्फाचे ढीग, समोरून उतरणारे लोक हात जोडून दम धरायला सांगतायत, आणि तुम्हाला काही केल्या श्वास पुरेना. तुम्ही एका दगडावर बसलात. ती पुढच्या टपरीवरून चहा आणायला पळाली. एवढीच संधी होती, म्हणून मी सरळ विचारलं, माझं नाव का नाही लिहिलंत?

तुम्ही बराच वेळ धापा टाकत होतात. मग म्हणालात, "तुला आई आहे. ती तिकडे तुझी वाट बघत असेल. तिला न विचारता तिची मुलगी मी माझ्या नावावर कशी लिहून घेऊ?"

तुमचं म्हणणं बरोबर होतं. तुमचं म्हणणं नेहमी बरोबरच असायचं, तोच तर तुमचा त्रास. पण बाई, त्या दगडापाशी उभं राहून मला माझी आई नकोशी झाली. नसती तर बरं झालं असतं, असं अगदी स्पष्ट शब्दांत मनात आलं. आणि ज्या पोरीची आई खरोखरच गेली होती, ती तीन पेले दोन हातांत सांभाळत, चहा न सांडता खाली येत होती, तिचा मला हेवा वाटत होता. वर गेल्यावर तुम्ही दोघींनी बर्फाच्या त्या पाण्यात एकमेकींचा हात धरून बुडी मारली. मी ताप आल्याचं खोटं सांगून तुमचे कपडे धरून उभी राहिले. आत गुरुद्वारात तिने पाठ करणाऱ्या भाईजींना सांगून आईच्या नावाने अरदास, म्हणजे प्रार्थना, करायला लावली. सगळे उभे होते, तुमचा हात तिच्या पाठीवर होता, आणि तो हात कधी खाली येतो याकडेच माझं लक्ष होतं. शेवटी शिऱ्यासारखा गरम कडा प्रसाद मिळाला, त्यातले मी दोन घास खाल्ले आणि उरलेला रुमालात बांधला, आईसाठी. तूप रुमालातून पिशवीला लागलं, पिशवीतून परकराला. आईने मोहन्याला तो शिळा गोळा डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाली, माझी आठवण ठेवलीस गं. मला तिच्याकडे बघवेना.

दहावीनंतर मी तुमच्याकडे यायची बंद झाले. लग्न करून कळव्याला गेले. कळवा ते कल्याण असं किती लांब आहे? तुम्ही निवृत्त झालात, आजारी पडलात, तिने तुमचं सगळं केलं, तुम्ही तुमची जागा तिच्या नावावर केलीत, हे सगळं मला इकडूनतिकडून कळत होतं. तुम्ही गेलात तेही मला तीन आठवड्यांनी कळलं. अग्नी तिने दिला म्हणे. कुणी हरकत घेतली तर ती म्हणाली, बद्रीच्या वहीत लिहिलंय, जाऊन बघून या.

अठ्ठ्याण्णव साली मे महिन्यात मी बघायला गेले. नवऱ्याला सांगितलं, चारधाम करू. तो तप्तकुंडावर आंघोळीला गेला आणि मी पंड्याचं घर गाठलं. म्हातारा गेला होता, मुलगा बसला होता. त्याने वही काढली. तुमचं अक्षर, तिचं नाव, बस. मी पुढचं पान उलटून पाहिलं. मागचंही पाहिलं. पंड्याने विचारलं, माताजी आहेत ना? मी म्हटलं, गेल्या. तिथी सांगा, नोंद करतो, म्हणाला. मला तुमची तिथी माहीत नव्हती, बाई. ज्या एकीला ती माहीत होती, तिला मी बाजारातल्या बूथवरून फोन लावला, तुमच्याच घरी, दहा वर्षांनी. नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, बाईंची तिथी कोणती? तिने क्षणभरही न थांबता सांगितलं, कार्तिक वद्य षष्ठी. मग म्हणाली, "कुठून बोलतेयस गं?"

"कळव्याहून," मी म्हटलं.

ती म्हणाली, "कळव्याला थंडी फार पडलेली दिसतेय. दात वाजतायत तुझे. अंगावर काहीतरी घे."

मी फोन ठेवून परत आले. पंड्याने तिथी लिहिली आणि विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, मुलगी. आई तेव्हा कळव्याला माझ्या पोरीला सांभाळत होती. तिला मी विचारलं नाही. तो म्हणाला, थोरली की धाकटी? मी म्हटलं, थोरली. तिच्या नावाच्या वर बोटभर जागा होती, तिथे त्याने माझं नाव बसवलं.

हे पत्र टाकायचं म्हटलं तरी तुमचा पत्ता आता तिचा आहे. ती फोडेल, शेवटपर्यंत वाचेल आणि मला जेवायला बोलावेल. म्हणून टाकणार नाही. पण तुमच्याशी खोटं बोलून मला कधी पचलेलं नाही, तेव्हा सांगून टाकते. बाई, ती माझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहे. मला हे तेव्हाही माहीत होतं.