उजव्या डोळ्यातली बुरशी

तीर्थस्वरूप मामा यांना भाच्याचा वाकून नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? इकडे मी ठीक आहे. (उजवा डोळा सोडून. पण एका डोळ्यासाठी सगळ्या देहाला आजारी म्हणणे बरे दिसत नाही.)

झाले असे, की वखारीत फळी कापताना एक बारीक कपची उडून डोळ्यात गेली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ती काढली आणि लाली उतरायला थेंब दिले. मी कसा, ते आपण जाणताच. एकही वेळ चुकवली नाही. तरी डोळ्यापुढे धुके दाटले. (पुढे नव्हे, आत. हे नंतर कळले.) मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारले, "थेंब नेमाने घातलेस?" मी छाती फुगवून म्हणालो, "अगदी घड्याळ लावून, मॅडम." त्या म्हणाल्या, "अरे बाबा, थोडा आळस केला असतास तर बरं झालं असतं." लाकडाबरोबर बुरशी आत गेली होती. ती क्वचितच कुणाच्या डोळ्यात शिरते, आणि हे थेंब तिला खतासारखे मानवतात. म्हणजे मी तिला वेळच्या वेळी जेवू घालत होतो. (आपल्या धाकट्या भाच्याने पहिल्याच दिवशी बाटली हरवली असती आणि त्याचा डोळा वाचला असता.)

मग सुईने डोळ्यातले पाणी काढून काचेच्या बशीत ठेवले. बुरशी बशीत वाढल्याशिवाय तिची जात कळत नाही, आणि जात कळल्याशिवाय नेमके औषध ठरत नाही. म्हणून जिने डोळा खाल्ला, तीच लवकर वाढू दे, अशी मी विनवणी करू लागलो. रोज प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन विचारायचो, "उगवली का?" शेवटी तिथल्या बाईच बाहेर येऊन म्हणाल्या, "आली हो तुमची!" बाकावरच्या रोग्यांनी माझे अभिनंदन केले.

आता औषधाची सुई थेट डोळ्यात देतात. हलू नकोस म्हणतात, तर मी श्वासही घेत नाही, आणि मग सगळ्यांना माझ्या श्वासासाठी थांबावे लागते. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन करून आतला गढूळ गर काढणार आहेत. नजर राहील का, असे विचारले की मॅडम चष्मा पुसतात.

तरी काळजीचे कारण नाही. आपण गुडघे घेऊन एवढ्या लांब येण्याची तसदी घेऊ नये.

आपला भाचा

ता. क. : आईला रांजणवाडी झाली आहे एवढेच कळवले आहे. आपणही तेच सांगावे.

ता. क. २ : उजव्या डोळ्याला आता समोर हललेला हात तेवढा कळतो. बुधवारपर्यंत आलात, तर त्याच्यासमोर एकदा हात हलवा.

ता. क. ३ : आईला खरे सांगा. तिलाही आणा. पहिला हात तिचा.