गळलेली विहीर

मिरजगाव, ४ मार्च २०२४
नसलेले आकडे शोधायचे म्हणजे काय गं, असं आईनं एसटीत बसवताना विचारलं. संख्याशास्त्र शिकले, तेच काम, म्हटलं. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. खोली छान आहे, खिडकीसमोर लिंब. इथल्या भूजल कार्यालयातले पुंजाराममामा दर महिन्याला विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजतात. मी नोंदी तपासायच्या. एवढीशी पोर पाठवली व्हय, म्हणाले आणि चहा पुढे केला.

११ मार्च
नोंदी चढत्या क्रमाने लावल्या की शेवटाकडे विरळ होत जायला हव्यात. इथे त्या अठरा मीटरवर कापल्यासारख्या थांबतात. गणित सांगतं, दर महिन्याला एकच नोंद गळते, साधारण चोवीस मीटरची. मामांना विचारलं. वस्तीवरची हीर आमी सोडतो, म्हणाले. मोजली की ती आनखी खाली जाती. माझ्या आधीच्या विजया मॅडम ती मोजायला गेल्या, त्या परतल्याच नाहीत, असंही म्हणाले. पण नोंद नाही म्हणून वस्तीला टँकर मिळत नाही. हे मी चालू देणार नाही.

१४ मार्च
मोजली. २४.१. मामा बांधावरच थांबले. टेप गुंडाळताना खालून हलका ताण आला. दगडाला अडकली असेल.

१८ मार्च
ही नोंद धरून पुन्हा गणित केलं. अजूनही एक गळलेली दिसते. सत्तावीस. वस्तीवरच्या लंकाबाई आल्या. चार दिस झाले, पोहरा पान्याला टेकत न्हाई. ताई, तुमी काय केलं? पुन्हा मोजली. बरोबर सत्तावीस.

२० मार्च
दोन्ही नोंदी खोडल्या. पाणी वर आलं नाही. गणित म्हणतं, तीस. आमची टेपही तीसचीच.

२१ मार्च
तरी मोजायला गेले. टेप संपली, पाणी लागलं नाही. मग कुणीतरी खाली ओढली, हातून सुटली. खालून बाईचा आवाज. आकडे वाचतेय. एकतीस— एकतीस दशांश दोन— मामा म्हणाले, मॅडमच हायेत. त्या मोजत्यात तवर पानी उतरतच ऱ्हानार. मग वस्तीनं प्यायचं काय? मॅडमना मीच थांबवायला हवं.

२२ मार्च, दुपार
मामांना न सांगता पायऱ्या उतरले. वर आभाळ ताटलीएवढं. मॅडम पाण्याशी बसलेल्या. थांबा म्हटलं— थांबल्या. टेप माझ्या हातात दिली, वर चढून गेल्या. मी आकडा लिहिणार नाही. पाणी हललं. लिहिणार नाही— बत्तीस दशांश चार— बत्तीस दशांश—