अंतेकचा पंखा

मिएलेत्स, ९ सप्टेंबर

प्रिय वितेक,

तुझी पाठदुखी आता बरी असेल, अशी आशा करते. इकडे सफरचंदे उतरवून झाली. तुझ्या वाटणीची पेटी तळघरात ठेवली आहे. येशील तेव्हा ने.

मेळाव्यांत प्रेक्षक मला एक गोष्ट हमखास विचारतात. जुन्या विमानाचे इंजिन सुरू करण्यापूर्वी दोन धडधाकट माणसे पंखा हाताने का फिरवतात, आणि तोही नेहमी एकाच दिशेने का? परवा सुगीच्या उत्सवात एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "पाद्रीबुवांचं तीर्थ शिंपडून झालं, आता हे यंत्राच्या पाया पडतायत." मी हसले आणि त्यांना सगळे समजावून सांगितले. मला हे समजावताना अजूनही तितकाच आनंद होतो.

आपल्या क्लबच्या जुन्या विमानाचे, अंतेकचे, नऊ सिलिंडर पाकळ्यांसारखे गोलाकार मांडलेले आहेत. दोन मजली पंखांचे हे धूड आठवडाभर उभे राहिले, की तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचते. पुढचा पंखा हळूहळू फिरवला, की ते आहे की नाही हे हातालाच कळते. पंखा अडला तर जोर करायचा नाही. खालचे स्पार्क प्लग काढून तेल गळू द्यायचे. उलटा तर तो कधीच फिरवायचा नाही. उलटा फिरवल्यास तो मोकळा होतो खरा, परंतु तेल बाहेर पडत नाही. ते हवेच्या नळीत जाऊन बसते आणि इंजिन सुरू होताच पुन्हा सिलिंडरात ओढले जाते.

तीस वर्षे विमान उडवणाऱ्या माणसाला ताई हे का शिकवते आहे, असे तुला वाटेल. मलाही तेच वाटते.

उत्सवाच्या त्या दिवशी पंखा अडला, तेव्हा मी तुला थांबायला सांगून पाना आणायला गेले. सरपंच ताटकळले होते, वाद्यवृंद तीच धून तिसऱ्यांदा वाजवत होता, हे मला मान्य आहे. मी परतले तेव्हा तू म्हणालास, "सुटला बघ, ताई. तुझं आपलं उगीच." मग इंजिनाने दोन उसासे टाकले, आतून कडाडल्यासारखा आवाज आला आणि सिलिंडरातल्या दट्ट्याचा दांडा, तो कनेक्टिंग रॉड, वाकला. विमान जमिनीवरच होते, म्हणून आज आपण दोघे पत्रे लिहू शकतो.

क्लबच्या रविवारच्या सभेत तू अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणालास, "इंजिन म्हातारं झालं, आणि त्याची देखभाल करणारेही." सगळे हसले. तुझ्यासोबत पंखा फिरवणाऱ्या यानेकने तर मला चष्मा बदलण्याचा सल्ला दिला. तू मात्र एकदाही माझ्याकडे पाहिले नाहीस.

शेजारचा क्लब त्यांचे जादा इंजिन द्यायला तयार आहे. आपले सभासद मात्र नको म्हणतात: जे इंजिन वयाने आणि निष्काळजीपणाने गेले, त्याच्या जागी दुसरे बसवून काय उपयोग? म्हणून विमान विकण्यासाठी शनिवारी मतदान आहे, आणि तसे ठरले तर अंतेक महामार्गावरच्या उपाहारगृहाच्या छपरावर चढणार आहे. पोटात टेबले, पंखांवर रंगीत दिवे. ज्या विमानाने आपल्या वडिलांना शेतांवर औषध फवारताना सांभाळले, त्याच्यात बसून लोक डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे खातील. वितेक, मला संताप येतो, आणि तो गिळून माझी झोप उडाली आहे.

पाना घेऊन परतताना मी हँगरच्या दारातून पाहिले होते. तू आणि यानेक पंखा उलटा ढकलत होतात.

मी हे अद्याप कोणालाही सांगितलेले नाही. तू सांगितलेस तर इंजिन मिळेल. तुझी खुर्ची जाईल की राहील, ते मी सांगू शकत नाही. तू नाही सांगितलेस तर शनिवारी मी उभी राहीन, आणि भावाचे नाव मला स्वतःच्या तोंडाने घ्यावे लागेल.

तू म्हणशील, वाटीभर तेलाने एवढे पोलाद कसे वाकेल? औषधाच्या दुकानातून एक सिरिंज आण, सुई नको. तिच्यात हवा ओढ, तोंडावर अंगठा घट्ट दाब आणि दट्ट्या ढकल. तो आत जाईल. आता हवा काढून पाणी भर आणि पुन्हा ढकल. सभेआधी घरी, एकट्याने करून पाहा.

तुझीच ताई, आणि शनिवारपर्यंत गप्प,
हालिना