खरवडलेला चेहरा

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आणि तिची बडबड, दोन्ही चालू आहेत. तुझंही बरं चाललंय असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस.

मी अजून त्याच लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेणात दात बसवून झाले की दोन पावलं मागे जाते आणि डोळे बारीक करून बघते. ही बाबांची खोड. लहानपणी स्टुलावर बसून त्यांना चित्र काढताना तासन्‌तास पाहिलं, ती अंगात मुरली. मला बघायला आलेल्या मुलाकडेही मी असंच पाहिलं होतं. त्याला वाटलं, मुलीला चष्मा लागलाय.

परवा एका कवळीतला एकच दात मी पुन्हा पुन्हा खरवडत होते. साहेब वैतागले. "अहो, बाकीचे झटपट उरकलेत, मग याच्याच मागे का लागलात?"

"बाकीचे चालतील. हा मला नीटच हवाय," मी म्हटलं, आणि माझा हात थांबला.

घरी येऊन बाबांच्या खोलीत गेले आणि आपल्या चौघांच्या चित्रावरचं फडकं काढलं. तुझ्या आणि बाबांच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी त्यातला तुझा चेहरा खरवडलेला पाहून तू बॅग भरली होतीस. "मला घरातूनच पुसलं," म्हणालास. आम्हालाही तेच वाटलं होतं. आईने तर बाबांशी अबोला धरला होता.

आता नीट पाहिलं. माझा चेहरा एका बैठकीत उरकलाय, आईचाही. खरं सांगते, रागच आला. तुझ्या जागी मात्र कॅनव्हास घासून घासून विरलाय, आणि त्यावरचा रंग अजून ओला आहे.

"बाबा, दादाचा चेहरा का पुसलात?"

"पुसला कुठे? जमत नाहीये," ते म्हणाले. "फोटोवरून नाही होत. आता तसा थोडाच दिसत असेल तो?"

एक गोष्ट तुला कळवायची नाही असं त्यांनी बजावलंय, तरी लिहिते. त्यांना कडेचं दिसेनासं झालंय. समोरचंही जाणार, असं डॉक्टर म्हणतात, आणि लवकरच.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. काम करताना कुणी बोललेलं त्यांनाही खपत नाही. खिडकीशी, उजेडात नुसता बस.

त्यांना दिसतंय तोवर ये.

तुझी,
धाकटी