ऑगस्टमधलं गवत

प्रिय फवाज,

ऑगस्टमध्ये तुझ्या तरंगत्या सौरपाट्यांच्या चाचणीच्या तराफ्यांखाली मी बुडी मारली होती. परवानगी घेतली नव्हती, तेही इथेच नोंदवते. दहा चौकटींत समुद्रगवताची रोपं मोजली. पाट्यांच्या सावलीत दर चौकटीत सरासरी चार. चाळीस मीटर पलीकडे, उन्हात, एकसष्ट. नांगराची साखळी लाटांबरोबर घासत फिरते तिथे एकही नाही, नुसती खरवडलेली वाळू. याच तळाला आपला अहवाल म्हणतो, 'वनस्पती विरळ, परिणाम नगण्य.' खाली माझी सही आहे.

आपण मोजलं जानेवारीत. बहरीनमध्ये बाहेरची कामं सगळे थंडीतच उरकतात, आपणही उरकलं. आठवतं, ओहोटीला बाबा त्यांच्या हद्रात, त्या काठ्या-जाळीच्या कुंपणात, अडकलेले साफी मासे टोपलीत भरत होते? आपल्याला बघून ओरडले, "आमची इंजिनियरीण थंडीत गवत मोजतेय! उद्या मध्यरात्री सूर्य मोजेल!" तू हसत म्हणालास, "काका, गवताला काय रजा असते?" "असते रे. थंडीत ते मुळांत जाऊन झोपतं. ऑगस्टात ये, पोटऱ्यांना गुदगुल्या करेल." आणि सगळ्यांत मोठा साफी त्यांनी तुला दिला. डिसेंबरात जावई होणार ना तू. तो मासा ते गवत खाऊनच मोठा झाला होता.

मी अहवालात एक वाक्य लिहिलं होतं: ऑगस्टमध्ये पुन्हा मोजल्याशिवाय मुख्य प्रकल्पाचे नांगर टाकू नयेत. रमजान होता, ऑफिस दोनला बंद होणार होतं. तू फक्त शेवटचं पान पुढे केलंस. "बाकी सगळं तेच आहे, लुलू. कर सही. ट्रॅफिकमध्ये अडकलो तर आई आपल्याला सोडून रोजा सोडेल." मी केली. न वाचता केली, ती चूक माझी. वाक्य खोडलं, ते तू.

गेल्या आठवड्यात विचारलं तेव्हा म्हणालास, "गवतासाठी चारशेवीस नांगर थांबवू? ही उन्हाची वीज आहे, तेलाची नाही. तू नक्की कोणाच्या बाजूची?" फवाज, त्या पाट्यांचा आराखडा माझा आहे. मला ही वीज तुझ्याइतकीच हवी आहे. दोन किलोमीटर पुढे तळ उघडा, वाळूचा आहे; तो नकाशाही मीच काढला आणि तुझ्या टेबलावर ठेवला. तिथे केबल लांब पडते, एवढंच तुझं उत्तर. एवढ्यासाठी तू एक अख्खं कुरण अंधारात घालणार, आणि वर मलाच बाजू विचारणार?

रविवारी मुख्य प्रकल्पाचा पहिला नांगर पडेल. उद्या, गुरुवारी सकाळी आठला, मी पर्यावरण खात्यात अहवाल मागे घेण्याचा अर्ज देणार आहे. सोबत ऑगस्टचे आकडे आणि ते खोडलेलं वाक्य. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. लग्नाच्या जेवणात साफी तळलेला हवा की भातातला, हे तुला विचारायला त्यांनी सांगितलं आहे. तुला न कळवता अर्ज देणं सोपं होतं. पण अहवालावर माझ्या नावाखाली तुझं नाव आहे. माझी सही मला मागे घेता येते, तुझी येत नाही. म्हणून अर्जावर सहीच्या दोन ओळी छापल्या आहेत. दुसरी कोरी आहे. मी खात्याच्या दारात उभी असेन.

उद्या आठपर्यंत नक्की तुझीच,
लुलवा