पिंपळगावच्या सडकेची क्वालिटी

३ जानेवारी १९३६, पिंपळगाव राजा
सडकेवर खडी पडायला सुरुवात. मार्चमध्ये मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार. सडक पास झाली तर मी परमनंट ओव्हरसियर, नाही तर टेम्पररीच. मी परमनंट झालो असं सौ. अन्नपूर्णानं खामगावला माहेरी आधीच सांगून टाकलंय. हरकत नाही, मार्चपर्यंत खरं होईल. क्वालिटी म्हणजे काय ते या जिल्ह्याला दाखवणार आहे.

९ जानेवारी
लोहाराकडून दोन इंची कडी करवून घेतली. प्रत्येक दगड तिच्यातून गेला पाहिजे. अडकला की पुन्हा फोडायचा. खडी फोडणाऱ्या बायका वैतागल्या. त्यांतली रुखमाबाई म्हणते, साहेब, दगड हाये तो, पोरीसाठी नवरदेव थोडी पाहून राह्यले तुम्ही! दुर्लक्ष केलं.

१७ जानेवारी
खडी दाबायला बैलांचा रूळ आला. दुपारी जाऊन बघतो तर रुळाखालच्या खडीचे कोपरे तुटलेले! अर्धी खडी मापाबाहेर! डोकंच फिरलं. एवढं कडीतून काढून घातलेलं, आणि यांनी चुरा केला. रूळ तिथल्या तिथे बंद. ठेकेदार हिंमतरावांनी एका शब्दानं वाद घातला नाही, लगेच बैल सोडून दुसऱ्या कामावर नेले. समजूतदार माणूस.

२ फेब्रुवारी
कापसाच्या गाड्या खामगावच्या जिनिंगला निघाल्या. चाकांनी खडी खराब होईल म्हणून बोर्ड लावला: इन्स्पेक्शनपर्यंत गाड्यांना बंदी. मुकादम गुलाम रसूल म्हणाला, बोर्ड कायले पायजे साहेब, खुरं फोडून घ्यायले बैल चढतेच कुठं तिच्यावर? खरंच, सगळ्या गाड्या सडकेच्या बाजूनं, खालून जातात. बोर्डाचा परिणाम इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी
सायकलवरून पाहणी. दोनदा पडलो. सायकल जुनी आहे. सडक मात्र जशीच्या तशी, एक दगड झिजलेला नाही. खालची वाट गाड्यांनी पार गुळगुळीत करून टाकलीय आणि गावातले लोक तिलाच नवी सडक म्हणतात. संताप येतो. किती समजावायचं? उद्यापासून कोणालाही समजावायचं नाही.

१ मार्च
समजावलं. हसले. साहेबांसमोर करायचं इंग्रजी भाषण पाठ करतोय. सौ. म्हणते झोपेतही ‘क्वालिटी, क्वालिटी’ करता. नवे बूट आणले.

६ मार्च, दुपारी
हार घेऊन सडकेच्या मधोमध उभा राहिलो. मोटार आली. ड्रायव्हरनं वर खडीकडे एकदा पाहिलं आणि गाडी खालच्या वाटेला घातली! मी ओरडत खडीवरून मोटारीच्या मागे पळालो. एका बुटाचा तळ तिथेच राहिला.

साहेब गावाशी उतरले. खूष! म्हणाले, उत्तम सडक, पोटातलं पाणी हललं नाही. कोणी केली? मी तोंड उघडतोय तोच पुंजाजी गाडीवान म्हणाला, आम्हीच केली जी, कापूस नेता-नेता. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली! माझ्यासमोर!

मग वर बोट करून विचारलं, ही खडी अशी का टाकून ठेवलीय? भाषण म्हटलं. कडी दाखवली. रुळानं माप बिघडतं हेही सांगितलं. साहेबांनी कडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. हिंमतराव मोटारीचं चाक बघत होते.

११ मार्च
हुकूम आला. खडी उचलून जळगाव जामोदच्या कामावर न्यायची, सोबत मी. टेम्पररीच. यातही कौतुक आहेच, वाईट खडी कोणी एवढ्या लांब नेली असती का? सौ.ला हे पटलं नाही. खामगावला कोणत्या तोंडानं जाऊ म्हणाली आणि रडली. मलाही रडू आलं, पण ते धुळीमुळे.

१५ मार्च, सकाळी
सामान पुंजाजीच्या गाडीत भरलं. सौ. लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसली. पुंजाजीनं अगदी अदबीनं विचारलं, साहेब, तुमच्या सडकेवरून घेऊ, का खालून?

सौ. माझ्याकडे बघत होती. खालून घे म्हणालो.